आंबवणीचे पाणी

जून उजाडला की आपल्या घरात दोन घाया एकदम येतात. एक पेरणीची, दुसरी पोरांच्या प्रवेशाची. बियाणे कोणते घ्यावे, खत कधी द्यावे, फवारणी किती वेळा करावी, याविषयी गेली २८ वर्षे मी बांधावर येऊन तुमच्याशी बोलत आलो आहे. पण अलीकडे शेतीशाळा आटोपून चहाला बसलो की कोणीतरी हळूच जवळ सरकतो आणि वेगळेच विचारतो.

"साहेब, पोराला मुंबईला घातलाय. बारावीला मार्क चांगले होते. पण दिवाळीला आला तर तोंडातून शब्द काढीना. काय झालं असंल?"

मी मनाचा डॉक्टर नाही. माझी पदवी शेतीची. पण हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरातही येऊन गेला आहे. म्हणून आज पिकाचे बाजूला ठेवून पोरांविषयी चार शब्द लिहितो. ज्याची हकीकत लिहिणार आहे तो माझा पुतण्या. त्याला विचारूनच लिहितो आहे. "लिहा आप्पा, पण नाव नको," एवढेच तो म्हणाला.

आमचे गाव माण तालुक्यातले. थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, शेती बघतात. कांदा, बाजरी, थोडे डाळिंब. त्यांचा हा थोरला मुलगा आमच्या घरातून मुंबईच्या कॉलेजात गेलेला पहिला. मालाडला त्याची आत्या राहते, म्हणजे माझी आक्का. मालाड पूर्वेला कुरार भागात डोंगराच्या बाजूला त्यांची खोली आहे. पोराला बी.एस्सी. आय.टी.ला प्रवेश मिळाला तो मालाड पश्चिमेच्या एका कॉलेजात. घरचे माणूस जवळ, कॉलेज त्याच उपनगरात. आम्हाला वाटले, देवच पावला.

मालाडही एके काळी गावच होते. १९५७ साली ते बृहन्मुंबईत आले. आजही मढ, मार्वे, राठोडी ही जुनी गावे तिथे आहेत, कोळ्यांच्या होड्या आहेत. पण आपले पोर जाऊन पडते ते या मालाडात नव्हे. सकाळी ७ चे कॉलेज. त्यासाठी साडेपाचला उठायचे, पाण्याचा नंबर लावायचा, शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचे, पूल ओलांडून पश्चिमेला जायचे. रात्री एका खोलीत सहा माणसे. पोर पोटमाळ्यावर निजणार. खाली टीव्ही चालू, वर हा पुस्तक घेऊन पालथा. आक्काने मायेत काही कमी केले नाही. पण माया मोठी असली म्हणून खोली मोठी होत नाही.

दादा दर रविवारी फोन करायचे. "बरं हाय का?" "बरं हाय." "अभ्यास?" "चाललाय." मग दादा आपले सांगायचे. कांद्याला भाव नाही, सोसायटीचे हप्ते थकलेत, तुझ्या फीला अमक्याकडून उचल घेतली, आता तूच आमचा आधार. दादांच्या पोटात पाप नव्हते. आपण काय सोसतो ते पोराला कळावे, म्हणजे ते नीट शिकेल, एवढाच हिशेब. सहा महिने हे असेच चालले. आम्ही सगळे निर्धास्त.

एक दिवस आक्काचा मला फोन आला. "आरं, पोरगं डबा हाय तसा परत आणतंय. रात्री झोपत न्हाय. दोन आठवडं झालं, सकाळी बाहेर पडतंय पण कॉलेजला जातंय का न्हाय, देव जाणे. दादाला सांगितलं तर तो भडकंल. तू ये."

मी रजा टाकली आणि रात्रीच्या एस.टी.ने निघालो. सकाळी पोर समोर आले ते पाहून काळजात चर्र झाले. गालफडे बसलेली, नजर जमिनीला. सगळ्यांच्या देखत काही विचारण्यात अर्थ नव्हता. त्या खोलीत दोन माणसांना गुपचूप बोलायला कोपरा नाही. मी म्हटले, "चल, मला आरे कॉलनी दाखव. दुधाची एवढी मोठी वसाहत, आमच्या खात्यातल्या माणसानं बघायला पाहिजे."

आरे कॉलनी गोरेगावला, मालाडच्या शेजारीच. मुंबई शहरातल्या म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत म्हणून १९४९ साली ती वसवली. आजही तिथे म्हशी आहेत. एका गोठ्याजवळ गेलो. शेणाचा, वैरणीचा वास आला आणि हे पोर थबकले. गव्हाणीपाशी एक म्हैस रवंथ करीत होती, तिच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले आणि रडायला लागले. मी काही बोललो नाही. रडून झाल्यावर झाडाखाली बसलो, तेव्हा ते बोलू लागले.

पहिली गोष्ट भाषेची. बारावीपर्यंत गणित-विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत होती, पण शिकवणारे गुरुजी समजावून सांगत मराठीत. इथे सगळे तोंडी इंग्रजीत, तेही भरभर. वर्गातली पोरे आपसांत हिंदी, गुजराती बोलणार. याने एकदा उठून शंका विचारली, उच्चार चुकला, दोघे-तिघे हसले. त्यानंतर त्याने तोंड उघडले नाही. गावात पहिला नंबर काढणारा मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसला.

दुसरी गोष्ट, पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. मुंबईत त्याला ए.टी.के.टी. म्हणतात, म्हणजे विषय राहिले तरी नियमाप्रमाणे पुढच्या सत्राला बसता येते, मागाहून ते काढायचे. तिथल्या पोरांना त्यात फारसे काही वाटत नाही. पण आपल्याकडे नापास म्हणजे नापास. त्याने ते सगळ्यांपासून लपवले.

तिसरी गोष्ट सांगायला त्याला फार वेळ लागला. "आप्पा, दादांचा फोन आला की पोटात गोळा येतो. माझ्यापायी ते कर्जात चाललेत आणि मी इथं नापास होतोय. कधी कधी वाटतं, मी नसतोच तर बरं झालं असतं. त्यांचा खर्च तरी वाचला असता."

वाचकहो, हे वाक्य १९ वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकणे काय असते, ते सांगता येणार नाही. आपल्या शिवाराने अशी दुःखे पाहिलेली आहेत. मी त्याला सरळ विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" असे विचारू नये, विचारल्याने नसते डोक्यात भरते, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. जाणकार डॉक्टर याच्या उलट सांगतात. विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट कोंडलेल्या माणसाला वाट मिळते. पोर म्हणाले, "येतं आप्पा. पण केलं काही नाही." मी म्हटले, "सांगितलंस ते फार बरं केलंस. आता हे तुझं एकट्याचं ओझं नाही."

त्या रात्री मी त्याच्या शेजारीच झोपलो. दुसऱ्या दिवशी आम्ही महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात गेलो. रांग होती, पण डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. औषध दिले, पुन्हा यायची तारीख दिली. मग कॉलेजात गेलो. एका प्राध्यापकांची गाठ घेतली, समुपदेशकाचे नाव मिळाले. समुपदेशक म्हणजे ऐकून घेणारा, वाट दाखवणारा शिकलेला माणूस. पोराने तिथे आठवड्याला एकदा जायचे ठरले.

राहिले दादा. गावी येऊन त्यांना सांगितले, तेव्हा ते उसळले. "आम्ही उन्हातान्हात मरतोय, त्याला तिथं पंख्याखाली बसून रडू कसलं येतंय? आमच्या पोटाला चिमटा बसतोय, त्याचं काय?" त्यांचा रागही खोटा नव्हता. मी वाद घातला नाही. त्यांच्याच कांद्याच्या वाफ्याकडे बोट दाखवले आणि म्हटले, "दादा, सहा-सात आठवड्यांचं रोप तुम्ही वाफ्यातनं उपटून रानात लावता. दुसऱ्या दिवशी ते माना टाकतं. तेव्हा तुम्ही त्याला शिव्या देता का?"

तुम्हीही हाच विचार करून पाहा. रोप काढायच्या आधी आपण पाणी हळूहळू कमी करतो, म्हणजे ते काटक होते. काढायच्या आदल्या दिवशी पुन्हा भिजवतो, म्हणजे मुळ्या तुटत नाहीत. लागण शक्यतो उन्हं कलल्यावर करतो. एवढे करूनही ते सुकते, कारण त्याच्या बारीक मुळ्या जुन्या मातीत राहिलेल्या असतात आणि नव्या अजून फुटलेल्या नसतात. पानांना पाणी हवे, पण ओढून घेणारे मूळच नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण आंबवणीचे हलके पाणी देतो. ते पाणी पीक वाढवायला नसते, जगवायला असते. मूळ धरले की पुढचे ते आपले आपण बघते. आंबवणी चुकली तर मागाहून खताची पोती ओतून उपयोग नाही. मग नांग्या भरायची पाळी येते. रानात नांग्या भरता येतात, वाचकहो. घरात येत नाहीत.

दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मी काय करू?"

हा प्रश्न तुमचाही असेल, म्हणून माझ्या शिक्षणाच्या वेळची एक गोष्ट सांगतो. मी माणच्या कोरड्या मुलखातून दापोलीच्या कृषी महाविद्यालयात गेलो. १९८९ सालची गोष्ट. आमच्याकडे ढगाची वाट बघतात आणि तिथे पाऊस उघडायचे नाव घेईना. कपडे वाळेनात, भाकरी मिळेना, रात्री कौलांवरचा आवाज ऐकत उशीत तोंड खुपसून पडायचो. आमच्या वडिलांना लिहिता येत नव्हते. ते शाळेच्या गुरुजींकडून कार्ड लिहून घ्यायचे. त्या कार्डात काय असायचे? तांबडी गाय व्याली, कालवड झाली. वेशीतल्या पिंपळाची फांदी मोडली. तुझी आई पापड लाटतेय. शेवटी एकच ओळ, तब्येतीस जपणे. त्या वर्षी घरात काय ओढाताण होती ते मला कितीतरी वर्षांनी कळले. वडिलांनी मला गरिबी विसरायला लावली असे नाही. ती मला माहीतच होती. पण त्यांनी माझ्या उरावर ती रोज नेऊन ठेवली नाही. त्या कार्डांनी माझे मूळ धरले.

गावचे पोर शहरात शिकायला जाते तेव्हा त्याला पुस्तकाआधी आसरा लागतो, हे आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी फार पूर्वी ओळखले होते. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. पण खेड्यातल्या बहुजनांच्या पोराने शहरात राहायचे कुठे, खायचे काय? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली, ती याचसाठी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मुले स्वतः राबत, एकत्र जेवत, एकमेकांना सांभाळत. तिथे पोराला धान्य मिळे, तसे सोबती मिळत आणि आईसारखे बघणारे माणूसही मिळे. आज आपण पोराला मोबाईल देतो, फी भरतो. पण सोबती आणि बघणारे माणूस यांची तजवीज करतो का, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

अपयशाचेही तसेच. महर्षी धोंडो केशव कर्वे १८७५ साली मुरुडहून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले. वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पोर तसेच माघारी फिरले. पुढे १८८४ साली ते मुंबईतून पदवीधर झाले आणि त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले. एका सत्रात दोन विषय राहिले म्हणजे आयुष्य बुडाले, असे नसते.

आता रोकडे सांगतो. घडी घालून ठेवा, उपयोगी पडेल.

पोर पाठवायच्या आधी महिना-दोन महिने त्याला थोडा ताण द्या. स्वतःचे कपडे धुणे, भात-पिठलं करणे, बँकेत जाणे, एकट्याने प्रवास करणे, हे घरीच शिकू द्या. मुलगा असो की मुलगी. त्याच्याबरोबर एकदा जाऊन कॉलेज, खोली, रेल्वे स्टेशन डोळ्यांनी बघून या. एका प्राध्यापकाचे आणि एका मित्राचे नाव वहीत लिहून आणा.

पैशाचे आधीच स्पष्ट करा. महिन्याला इतके मिळतील, त्यात भागव, कमी पडले तर लाज न बाळगता सांग. आणि मग दर फोनला कर्जाचा पाढा वाचू नका. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, इतरही शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात. मुदत चुकवू नका. घरचे ओझे हलके झाले की पोराच्या मनावरचेही होते.

फोनवर "अभ्यास कसा चाललाय" याआधी "जेवलास काय, झोप लागते का, आज कोणाशी बोललास" हे विचारा. गावची बारीकसारीक बातमी सांगा. पहिले दोन-तीन महिने घरची आठवण येणे, रडू येणे हे नवलाचे नाही. बहुतेक पोरे हळूहळू सावरतात.

पण खाणे-झोपणे उडाले, कॉलेज सुटले, कशातच मन लागेना, चिडचिड किंवा गप्पपणा वाढला आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर ते नाटक नाही, आळस नाही. देवऋषी, गंडे-दोरे यांत दिवस घालवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि मरणाची भाषा एकदा जरी कानावर आली, तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी माणूस पाठवा, त्याला एकटे ठेवू नका.

सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लावता येतो, मराठीत बोलता येते. पोरानेही लावावा, आई-बापानेही लावावा. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे शिकलेला समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. म्हणून प्रवेश घेताना फीबरोबर हेही विचारा, तुमच्याकडे समुपदेशक कोण, कधी भेटतात? विचारायला संकोच करू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतला आणि त्यात सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. या घरांतूनही फोनवर "बरं हाय" असेच ऐकू येत असेल.

शेवटची गोष्ट, परतीची वाट उघडी ठेवा. "शिकून मोठा झाल्याशिवाय गावात पाऊल टाकू नको," असे आपण जोशात बोलून जातो. पोर ते मनावर कोरून घेते. त्याऐवजी म्हणा, "जमलं तर उत्तम, नाही जमलं तर घर तुझंच आहे. दुसरं काहीतरी बघू." ज्याला माघारी येता येते, तेच पोर तिथे टिकते.

आमच्या पुतण्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचारालच. सगळे एका रात्रीत बदलले नाही. औषध काही महिने चालले. अभ्यासाला तो आता कॉलेजच्या ग्रंथालयात थांबतो, खोलीवर नाही. समुपदेशकांच्या सांगण्यावरून राष्ट्रीय सेवा योजनेत गेला. तिथल्या शिबिरात झाडे लावायला खड्डे खणायचे होते. शहरच्या पोरांच्या हाताला फोड आले आणि हा सगळ्यांना कुदळ कशी धरायची ते दाखवत सुटला. त्यातले दोघे आता त्याचे जिवाभावाचे मित्र आहेत. ते त्याचे इंग्रजी सुधारतात, हा त्यांना गणित सांगतो. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला, एक अजून आहे. कधी कधी मन पुन्हा खाली जाते. पण आता तो ते लपवत नाही, आत्याला सांगतो, मला सांगतो.

दादा अजूनही रविवारी फोन करतात. फोनवर काय बोलावे हे त्यांना पहिल्यांदा सुचत नसे. मग म्हशीला काय झाले, विहिरीला किती पाणी आहे, असे सांगू लागले. कांद्याचा भाव पोर स्वतःहून विचारते, तेव्हा खरा तोच सांगतात, पण पुढे म्हणतात, "ते माझं मी बघतो. तू जेवलास का?"

यंदा तुमच्यापैकी कितीतरी घरांतून एक रोप दूरच्या रानात जाईल. बियाणे चांगले आहे, मशागत तुम्ही केली आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे हलके पाणी तेवढे विसरू नका.